व्होलांची मोजणी आणि आमचें घुबड

गेल्या कांहीं अंकांत शेतांतील उंदरांवर विष घालण्याच्या रीतींविषयीं जो पत्रव्यवहार छापला गेला, त्यांत एक गोष्ट आमच्या विशेष नजरेस आली. कोणतें विष घालावें, किती घालावें, कशांत मिसळावें, याची चर्चा सर्व सभासदांनीं मोठ्या कळकळीनें केली. परंतु आपल्या शेतांत उंदीर आहेत किती, गेल्या सालापेक्षां ते वाढले कीं कमी झाले, हें एकानेंहि लिहिलें नाहीं. शत्रूचें सैन्य किती हें न पाहतां दारूगोळ्याचा हिशेब मांडीत बसणाऱ्या सेनापतीसारखी ही स्थिति आहे, असें म्हटल्यास आमचे सभासद रागावणार नाहींत अशी आशा आहे. ह्या बाबतींत आमचें मत काय आहे तें सांगण्यासाठीं आज वाचकांस आम्ही फार दूर, उत्तरेकडील अरण्यांत व बर्फाळ माळांवर नेणार आहों. तेथील एका लहानशा प्राण्याची मोजदाद सुमारें शंभर वर्षें चालली आहे, आणि तीपासून शेतकऱ्यानें घेण्यासारखें पुष्कळ आहे.

ह्या प्राण्यास इंग्रजींत 'व्होल' म्हणतात. मराठींत त्यास नांव नाहीं, आणि नसावें हेंच स्वाभाविक. कारण आमच्या देशांत त्याचे भाऊबंद फक्त हिमालयाच्या उंच भागांत आढळतात, सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे कोठेंहि नाहींत. तेव्हां आम्ही तोच शब्द वापरितों. दिसण्यांत तो उंदरासारखा. पण नाक बोथट, कान केसांत दडलेले, शेंपटी आखूड व अंग गुबगुबीत. वजन बहुधा २० ते ४० ग्रॅम. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया येथील दाट अरण्यांत तांबूस पाठीचे व्होल असतात; गवताळ जागीं व झाडांच्या नव्या लागवडींत गवत्या व्होल; आणि अरण्य संपून टुंड्रा म्हणजे उघडा बर्फाळ माळ लागला कीं मुळांचा सांठा करणारा व्होल व सर्वांचा चुलतभाऊ लेमिंग. हे प्राणी हिंवाळ्यांत झोंप काढीत नाहींत. जमिनीच्या उबेनें बर्फाच्या थराखालीं जी अरुंद पोकळी राहते, तींत बोगदे करून ते फिरतात व गवताचे बुडखे, शेवाळ आणि झाडांची साल खाऊन राहतात. वर हवेंत उणें तीस अंश थंडी असली तरी त्या पोकळींत उष्णमान पाणी गोठण्याच्या बिंदूच्या आसपासच असतें. बर्फ हें त्यांचें पांघरूण होय. तें जाड व कोरडें पडलें म्हणजे व्होल सुखी.

मादी सुमारें तीन आठवड्यांनीं विते, एका वेतास बहुधा चार ते सहा पिलें होतात, आणि व्यायल्यावर लगेच ती पुन्हां गाभण राहूं शकते. उन्हाळ्याच्या आरंभीं जन्मलेल्या माद्या त्याच उन्हाळ्यांत स्वतः विऊं लागतात. सावकाराचें चक्रवाढ व्याज ज्यानें भरलें आहे त्यास हें गणित अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंतु हें व्याज अखंड चढत नाहीं. तीन, चार किंवा पांच वर्षांनीं संख्या शिगेस पोंचते, आणि मग थोड्याच महिन्यांत ती अशी कोसळते कीं जेथें पावलागणिक व्होल पळत होते तेथें शेकडों सापळे लावूनहि एखादा सांपडणें कठीण. पुन्हां हळूहळू चढती सुरू होते. पिढ्यान् पिढ्या लोक हा चमत्कार पाहत आले, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. लेमिंग आकाशांतून पडतात असें सोळाव्या शतकांतील ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आहे. ते समुद्रांत उड्या टाकून आत्महत्या करितात ही दुसरी समजूत अद्यापहि सुशिक्षितांच्या तोंडीं ऐकूं येते. १९५८ सालच्या एका प्रसिद्ध अमेरिकन चित्रपटांत तर कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतांत ते बाहेरून आणून कड्यावरून पाण्यांत ढकलले व तें दृश्य खरें म्हणून दाखविलें. जुन्या ग्रंथकारांस निदान आपण खोटें सांगत आहों हें ठाऊक नव्हतें.

ह्या विषयांत हिशेब आणला तो चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें. १९२३ सालीं उत्तर ध्रुवाकडील सफरीवरून परततांना नॉर्वेंतील ट्रॉम्सो गांवीं त्यास रॉबर्ट कॉलेट यांचा नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ मिळाला. त्यांत लेमिंगांच्या सुकाळाचीं वर्षें नोंदलेलीं होतीं. तीं वर्षें ओळीनें मांडतांच त्यांतील ठेका एल्टनच्या ध्यानांत आला, आणि १९२४ सालीं त्यानें आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढें लोंकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या जुन्या वह्या त्यानें उलगडल्या, १९३२ सालीं ऑक्सफर्ड येथें प्राणिसंख्येच्या अभ्यासासाठीं स्वतंत्र संस्था काढली, व १९४२ सालीं व्होल, उंदीर व लेमिंग यांवरील आपला मोठा ग्रंथ छापला. आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं ह्या सर्व विद्येचा पाया कोणत्याहि यंत्रानें घातलेला नाहीं. कोणीतरी दरसाल वहींत एक ओळ लिहून ठेविली, इतकेंच त्याचें भांडवल.

ती ओळ लिहिण्याचें काम उत्तरेकडे आजहि चालू आहे. फिनलंडच्या वायव्य टोंकास किल्पिसयार्वी येथें १९४६ पासून व्होलांची मोजणी होत आहे. स्वीडनमध्यें उमिओ शहराच्या आसपासच्या अरण्यांत १९७१ पासून दर वसंतांत व शरदांत ठराविक जागीं सापळे लावितात. जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटाचें उदाहरण आम्हांस अधिक जवळचें वाटतें, कारण तेथें मोजणीचा हेतु निव्वळ जिज्ञासा नव्हे. तेथें जपानी लार्च ह्या परक्या प्रदेशांतून आणलेल्या झाडाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली, आणि राखी कुशीच्या व्होलांनीं हिंवाळ्यांत त्या रोपांची साल भोंवतालून कुरतडून तीं मारण्याचा सपाटा लाविला. साल सर्व बाजूंनीं सोलली गेली म्हणजे झाड वाळलेंच समजावें. तेव्हां तेथील वनखात्यानें १९५४ पासून वसंत, ग्रीष्म व शरद अशा तीन वेळां सापळ्यांनीं मोजणी सुरू केली. झिंक फॉस्फाईडचें आमिष तेथेंहि वापरलें. पण कोठें व केव्हां घालावयाचें याचा अंदाज मोजणीवरून बांधावयाचा, अशी रीत ठेविली. शिवाय कुरील बेटांकडील लार्चास व्होल फारसे शिवत नाहींत असें दिसल्यावर त्याचा जपानी लार्चाशीं संकर करून सोशीक रोपें तयार केलीं. विष, मोजणी व वाण ह्या तिहींपैकीं आमच्याकडील पत्रलेखकांनीं एकाचाच विचार केला, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

आतां मोजणी न ठेवल्यास काय होतें तें पाहूं. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील डोंगराळ कुरणांत १८९१ पासून १८९३ पर्यंत गवत्या व्होलांची मोठी धाड आली. मेंढपाळांचीं कुरणें बुडापासून कुरतडलीं गेलीं; मेंढ्यांस चारा उरला नाहीं. सरकारच्या शेतकी मंडळानें सर हर्बर्ट मॅक्सवेल यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली. त्याच सुमारास ग्रीसमधील थेसली प्रांतांत दुसऱ्या जातीच्या व्होलांचा उपद्रव झाला होता, आणि तेथें जर्मनीचे प्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ फ्रीड्रिश लॉफ्लर यांनीं १८९२ सालीं एक नवाच उपाय योजिला. आपल्या प्रयोगशाळेंतील उंदीर ज्या रोगानें मेले त्याचे जंतु वाढवून त्यांनीं त्यांत पाव भिजविले व ते शेतांत टाकविले. एक रोगी प्राणी दुसऱ्यास रोग लावील, तो तिसऱ्यास, आणि माणसानें स्वस्थ बसावें, अशी ही कल्पना. तिचा गवगवा युरोपभर झाला. स्कॉटलंडचे मेंढपाळहि तो पाव मागूं लागले असल्यास त्यांस दोष कोण देईल? ज्याचें कुरण डोळ्यांदेखत जातें तो औषधाची जात विचारीत नाहीं.

समितीच्या सभासदांनीं मात्र जागेवरच बसून मत दिलें नाहीं. ते १८९३ च्या आरंभीं स्वतः थेसलीस गेले. जो प्राणी तो पाव खातो तोच बहुधा मरतो, रोग आपोआप पसरत नाहीं, आणि डोंगरभर पाव टाकण्याचा खर्च परवडणारा नाहीं, असें त्यांस आढळलें. पुढची हकीकत अधिक उद्बोधक आहे. लॉफ्लरचा तो जंतु आज साल्मोनेला टायफिम्युरियम ह्या नांवानें ओळखला जातो, आणि माणसांस अन्नांतून होणाऱ्या विषबाधेच्या मुख्य कारणांत त्याची गणना होते. ह्या वर्गांतील जंतूंचीं आमिषें विसाव्या शतकांत कित्येक वर्षें बाजारांत विकलीं गेलीं, आणि त्यांपासून माणसें आजारी पडूं लागल्यावर बहुतेक देशांनीं तीं बंद केलीं. निरुपद्रवी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या डब्याकडे आम्ही संशयानें पाहतों, त्याचें एक कारण ही हकीकत आहे.

मग समितीनें सुचविलें काय? धाड शिगेस पोंचल्यावर माणसाच्या हातून फारसें होत नाहीं, हें तिनें स्पष्ट कबूल केलें. पहिलीं चिन्हें दिसतांच सावध व्हावें, वाळलें गवत जाळावें, आणि माणसें व कुत्रीं लावून व्होल ठेंचावे. आणि घुबडें, शिकारी पक्षी व वीझल नांवाचा मुंगसासारखा सडपातळ प्राणी यांस मारूं नये. ही दुसरी सूचना त्या काळीं लोकांस रुचणारी नव्हती. श्रीमंतांच्या शिकारीचे पक्षी राखणारे नोकर घुबडें व ससाणे दिसतील तेथें मारीत असत आणि त्यांचीं कलेवरें कुंपणावर टांगीत. धाडीच्या काळांत मात्र आखूड कानांचीं घुबडें कोठून कोठून येऊन त्या डोंगरांवर जमलीं व तेथेंच त्यांनीं मोठालीं वीणें काढलीं, असें प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनीं समितीपुढें सांगितलें.

येथें एक आक्षेप आम्हीच घेतों, म्हणजे तो घेण्याचा त्रास वाचकांस पडावयाचा नाहीं. घुबडें जमूनहि धाड आलीच ना? आली. उत्तरेकडे घुबडें, वीझल, ससाणे सर्व असूनहि दर चार वर्षांनीं व्होल शिगेस जातातच ना? जातात. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर खुद्द तेथील निरीक्षणांतच आहे. स्वीडन व फिनलंडच्या उत्तर भागांत ही चढउतार तीव्र असते, आणि जसजसें दक्षिणेस यावें तसतशी ती मंदावत जाऊन दक्षिण स्वीडनमध्यें संख्या पुष्कळशी स्थिर राहते. उत्तरेकडील मुख्य भक्षक व्होलांवरच जगणारे. व्होल संपले कीं ते उपाशी मरतात किंवा देशांतर करितात, आणि व्होल पुन्हां वाढूं लागले तरी त्यांच्या मागोमाग वाढण्यास त्यांना वेळ लागतो. दक्षिणेकडे कोल्हे, मोठीं घुबडें व इतर शिकारी पक्षी व्होल नसतांना ससे, पांखरें, किडे यांवर निभावतात, म्हणून ते जागेवर टिकतात आणि व्होल वाढूं लागतांच त्यांस दाबतात. पश्चिम फिनलंडमध्यें कोर्पिमाकी व नॉर्डाल ह्या संशोधकांनीं कांहीं क्षेत्रांतून भक्षक हटवून पाहिले. १९९८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणें, एकटे वीझल कमी केल्यानें विशेष फरक पडला नाहीं, परंतु सर्व प्रमुख भक्षक कमी केले तेव्हां व्होलांची ठरलेली पडतीच टळली. घुबड हें औषध नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. तो बिनपगारी रात्रपाहारेकरी आहे. चोर एकदां घर भरून शिरल्यावर त्याचा उपयोग थोडा, आणि त्यास नोकरीवर ठेवावयाचें तर चोर नसतील त्या महिन्यांतहि त्याच्या पोटाची सोय असली पाहिजे. बांधावरचीं झाडें व काटवन साफ करून, ओढ्याकांठची झुडपें जाळून, मग घुबडानें येऊन उंदीर खावे अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

व्होल केवळ उपद्रवीच आहे असा ग्रह होऊं नये म्हणून दोन शब्द त्याच्या बाजूनेंहि लिहितों. झाडांच्या मुळांशीं कांहीं बुरशी सख्य करून राहतात व झाडास जमिनींतील स्फुरद मिळवून देतात, हें आमच्या वाचकांस माहीत आहे. त्यांपैकीं ज्यांचीं फळें जमिनींतच राहतात त्यांचीं बीजें वाऱ्यानें उडत नाहींत. अमेरिकेंतील ऑरेगॉनच्या अरण्यांचा अभ्यास करून मेझर, ट्रॅप व नुसबाउम यांनीं १९७८ सालीं दाखविलें कीं तांबूस पाठीचे व्होल व इतर लहान प्राणी तीं फळें उकरून खातात आणि लेंड्यांबरोबर तीं बीजें रानभर पसरवितात. म्हणजे जो झाडाची साल खातो त्याच्याच कुळांतला दुसरा झाडाच्या मुळाची सोय लावितो. टुंड्रावरील व्होलास १७७६ सालीं पल्लास ह्या शास्त्रज्ञानें 'काटकसरी घरधनी' ह्या अर्थाचें लॅटिन नांव दिलें, तें त्याच्या मुळांच्या कोठारांमुळें. अलास्कांतील युपिक लोक शरद ऋतूंत हीं कोठारें शोधून त्यांतील गोड मुळें घरीं आणतात. पण सर्व कधीं उचलीत नाहींत, आणि नेलेल्या मुळांच्या जागीं सुक्या मासळीसारखें कांहींतरी ठेवून देतात. कोठार रितें केलें तर पुढच्या सालीं तें भरणारा उरणार नाहीं, हा त्यांतील हिशेब उघड आहे. आमच्याकडे घुशीचें बीळ खणून कणसें परत मिळविणाऱ्या गरीब मजुरांस हें वाचून नवल वाटणार नाहीं. मोबदला ठेवण्याचें मात्र वाटेल.

उलट बाजूहि झांकूं नये. अरण्यांतील तांबूस व्होलाच्या मुतांत व लेंड्यांत एक विषाणु असतो. फिनलंडमधील पुमाला गांवावरून त्यास नांव पडलें. वाळलेली घाण झाडतांना ती धुळीबरोबर श्वासांत जाऊन माणसास ताप येतो व मूत्रपिंडें दुखावतात. फिनलंडमध्यें दरसाल साधारण १,००० ते ३,००० रोगी नोंदले जातात, आणि व्होलांच्या सुकाळाच्या सालीं ते वाढतात. लांकडांची कोठी झाडण्यापूर्वीं ओली करावी, असा तेथील लोकांस उपदेश असतो; कोंकणांत भातखाचरांतील उंदरांच्या मुतापासून लेप्टोच्या तापाचें भय बाळगणाऱ्यांनीं तो ध्यानांत घ्यावा. आणि अलीकडे ह्या सर्व ठेक्यांतच बिघाड झाला आहे. दक्षिण नॉर्वेंतील फिन्से येथें १९९४ नंतर लेमिंगांचा सुकाळ येणें थांबलें, व बर्फ ओलें होऊन पुन्हां गोठूं लागल्यानें त्याखालची पोकळी नाहींशी होते हें त्याचें कारण, असें २००८ सालीं शास्त्रज्ञांनीं मांडलें. युरोपभर व्होलांची चढउतार मंदावल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. कांहीं ठिकाणीं ती पुन्हां परतलीहि. हवा बदलत आहे हें सर्वच सांगतात. तिचा परिणाम एका मुठीएवढ्या प्राण्यावर कसा होतो तें बोट दाखवून सांगतां आलें, तें जुन्या वह्या शाबूत होत्या म्हणून.

आतां आमच्या शेताकडे वळूं. आमच्या घुशी व शेतउंदीर हे व्होल नव्हत, आणि त्यांची संख्या उत्तरेसारखी चार वर्षांच्या ठेक्यानें चढते-उतरते असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्याकडे पावसाचें मान, पिकांची पाळी व बांधांची स्थिति यांचा अंमल अधिक. परंतु मोजणीवांचून तेंहि कोणास निश्चित सांगतां यावयाचें नाहीं. विषाविषयीं म्हणावयाचें तर, झिंक फॉस्फाईडवर उतारा नाहीं, आणि एकदां अर्धवट खाऊन वांचलेला उंदीर तें पुन्हां शिवत नाहीं. म्हणूनच आधीं दोन-तीन दिवस नुसतें तेल लावलेलें धान्य घालून मग विष घालावें, अशी शिफारस आहे. ही आधीं बिनविषारी आमिष घालण्याची रीत दुसऱ्या महायुद्धांत धान्य वांचविण्यासाठीं ज्या संस्थेंत कसोशीनें तपासली गेली, ती एल्टनचीच, जी व्होल मोजण्यासाठीं निघाली होती. असें असतां आमचे बहुतेक सभासद पहिल्याच रात्रीं विष घालतात, आणि मग उंदीर धूर्त झाले म्हणून तक्रार लिहितात!

मोजणीस सापळेहि नकोत. ठराविक दहा गुंठ्यांतील सर्व बिळें संध्याकाळीं मातीनें बुजवावीं, सकाळीं जितकीं उघडीं झालीं असतील तितकीं मोजावीं, आणि तो आंकडा वहींत लिहावा. खरिपाच्या पेरणीपूर्वीं एकदां व कापणी झाल्यावर एकदां, त्याच जागीं, दरसाल. ह्यास एक मुलगा व एक टोपली पुरे. गांवोगांवच्या शाखांनीं हें काम अंगावर घ्यावें, आणि ज्या शाखेची वही नसेल तिला सामुदायिक आमिषासाठीं मंडळाच्या निधींतून पैसा देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कांहींस तें कडक वाटेल. पण ज्या गांवीं बिळें मोजलींच नाहींत तेथें विष कमी पडलें कीं जास्त झालें, हें मंडळानें ठरवावें तरी कशावरून?

घुबडाविषयीं आमच्याकडील समजुती सर्वांस ठाऊक आहेत. आढ्यावर बसलें कीं अपशकुन, आणि चित्रांत लक्ष्मीजवळ बसलें कीं वंदनीय. दिवाळीच्या सुमारास तर जादूटोण्यासाठीं त्याचा जीव घेणारे निघतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास संरक्षण आहे, परंतु कायदा आढ्यापर्यंत पोंचत नाहीं. गव्हाणी घुबड न पचलेलीं हाडें व केस गोळी करून ओकून टाकतें. जुन्या वाड्यांत किंवा देवळाच्या शिखराखालीं अशा गोळ्या सांपडतील; त्या पाण्यांत भिजवून सोडवाव्या व आंतील कवट्या मोजाव्या. ज्याच्या घरांतील वडील मंडळी घुबडाचें नांव काढूं देत नाहींत, त्यानें त्या कवट्या त्यांच्यापुढें मांडून पाहाव्या. पिंगळा, कापशी व धामण यांच्याविषयींहि आम्ही हेंच म्हणूं.

स्कॉटलंडच्या डोंगरांवर जें आखूड कानांचें घुबड जमलें, त्याच जातीचें घुबड दर हिंवाळ्यांत उत्तर आशियांतून आमच्या देशांत उतरतें व दख्खनच्या माळांवर आणि पडीक रानांतहि दिसतें. तें झाडावर न बसतां बहुधा गवतांतच जमिनीवर बसतें, दिवसाउजेडींहि शिकार करितें, आणि पायाखालून एकदम उडालें म्हणजे गुराखी दचकून दगड मारतात. तपकिरी पट्ट्यांचें अंग, पिवळे डोळे, लांब पंख, ही त्याची खूण. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ज्या सभासदांस तें आढळेल, त्यांनीं दिवस, गांव व रानाचा प्रकार लिहून आमच्याकडे पाठवावा. बिळांच्या मोजणीचे जे आंकडे येतील त्यांच्या शेजारींच ती यादी चैत्राच्या अंकांत छापूं.